डब्याचं वाक्य

बाबा, गेल्या महिन्यात ते माझ्या गाडीत बसले होते. माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर काळी बॅग घेऊन, न्यूर्नबर्गपासून गार्चिंगपर्यंत. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, की वेळेवर पोचवलंस का. पोचवलं. तिसरी घंटा व्हायच्या आत, म्हणजे इथे घंटा नसते, पण झाली असती तर तिच्या आत.

ते म्हणजे आपले कॅसेटवाले. आपल्या घरात त्यांचं नाव कोणी घेत नसे. रविवारी तुमची अंघोळ झाली की तुम्ही म्हणायचात, "लाव त्यांना," आणि मी टेपचं बटण दाबायचे. ज्या माणसाने उभ्या महाराष्ट्राला हसवलं, त्याच्यासमोर आपल्या दीड खोलीत मात्र कोणी हसायचं नाही असा तुमचा नियम होता. हसलं की पुढचं वाक्य बुडतं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही कंपनीत इन्स्पेक्शनला होतात. दिवसभर पार्ट गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. विनोदही तुम्ही तसाच ऐकायचात. एखादी जागा फारच जमली तर "बरोबर" म्हणायचात, तेही हळू. एकदा शेजारचे काका आपल्याकडे बसून खो खो हसले, तेव्हा तुम्ही कॅसेट मागे घेऊन तेवढा तुकडा त्यांना पुन्हा ऐकवलात. काका दुसऱ्यांदा हसले नाहीत, आणि पुढच्या रविवारपासून यायचेही थांबले. मला तेव्हा तुमचा राग यायचा. पोटात हसू दाबून बसायला लागणं ही लहान मुलांना द्यायची शिक्षा आहे असं मला अजूनही वाटतं.

तुमच्या आवडीचा तुकडा निरोप समारंभाचा. एक कारकून रिटायर होतो. साहेब भाषण करतात, सहकारी भाषणं करतात, आणि प्रत्येक जण भलत्याच कोणाचे तरी गुण सांगतो. हा पट्टीचा पोहणारा होता म्हणतात, याला पाण्याची भीती. याच्या हातचा चहा विसरणार नाही म्हणतात, याने जन्मात गॅस पेटवलेला नाही. शेवटी शाल आणि नारळ घेऊन तो घरी येतो. बायको विचारते, काय म्हणाले सगळे? तो म्हणतो, "चांगलं बोलले. कोणाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही." यावर कॅसेटमधलं थिएटर फुटायचं. टाळ्या थांबायला बराच वेळ लागायचा. मग अगदी खालच्या आवाजात आणखी एक वाक्य यायचं: "मग त्याने नारळ ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, उद्या डबा नको." त्यावर कोणी हसायचं नाही. कोणीतरी एकदा खोकायचं, आणि बटण खटकन वर यायचं. तो खोकलाही मला पाठ होता. तुम्ही मात्र तिथे, दर रविवारी, "बरोबर" म्हणायचात.

मी नववीत असताना चिंचवडला त्यांचा प्रयोग लागला. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात आणि वाटेत मला बजावलं होतंत, की तिथे हसायला हरकत नाही, तिकीट काढलंय. मी हसले, आई हसली. तुम्ही हाताची घडी घालून बसला होतात. निरोप समारंभ सगळ्यात शेवटी आला. "कोणाबद्दल ते कळलं नाही" झालं, नाट्यगृह हललं, पडदा पडला, दिवे लागले. डब्याचं वाक्य आलंच नाही. मी तुमच्याकडे बघते आहे आणि तुम्ही पडद्याकडे बघत आहात, तो पुन्हा उघडेल म्हणून. मग लोक सह्या घ्यायला आत गेले आणि तुम्हीही रांगेत उभे राहिलात. आई म्हणाली, "अहो, कागद तरी घ्या." तुम्ही कागद घेतला नाहीत. नंबर आल्यावर नमस्कार केलात आणि म्हणालात, "डब्याचं वाक्य राहिलं आज." मागे एवढा गलका होता की त्यांना पुढे वाकावं लागलं. त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्या कानात काहीतरी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, वळून लोकांना जरा बाजूला व्हायला लावलंत, आणि आपण बाहेर आलो. बसस्टॉपवर मी विचारलं, काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, "काही नाही. कामाचं बोललो."

त्यानंतर टेप लागला नाही. एक-दोन रविवार मी वाट बघितली, मग तो माळ्यावर गेला. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं की त्यांनी तुमचा अपमान केला. आम्हाला शिकवू नका, असलं काहीतरी ते तुमच्या कानात बोलले असणार. तरी मी त्यांना सोडलं नाही. हॉस्टेलवर ऐकलं, इथे जर्मनीत आल्यावर मोबाइलवर ऐकलं, कामावर जाताना बसमध्ये एकटी हसले आणि समोरच्या बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या. जगात आवडता कलाकार कोण असं कोणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगेन. पण तुमच्या बाजूने मनात थोडी अढी होती, आणि ती मी जपून ठेवली होती.

आता ते खूप म्हातारे झालेत, तरी दौरे करतात. इथल्या महाराष्ट्र मंडळांनी मिळून बोलावलं होतं. आधी कोलोन, मग आमचं गार्चिंग. प्रयोगाच्या दिवशी सकाळी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. "अगं ऐक ना, त्यांची आयसीई ट्रेन न्यूर्नबर्गलाच संपली. पुढे जातच नाही म्हणतायत. तू इंगोलश्टाटला, तुलाच जवळ. आणशील का त्यांना? मी इथे हॉल सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरशी भांडतेय, तो माइकची वायर जमिनीवरून नेऊ देत नाहीये." मी हो म्हटलं. दोन मिनिटांत एका अनोळखी नंबरवरून फोन आला आणि तो आवाज म्हणाला, "मी स्टेशनच्या फुलवाल्यापाशी उभा आहे. मला कोणी ओळखत नाहीये, त्यामुळे लवकर सापडेन." मी स्वयंपाकघरात उभी होते. तुमच्या नियमाप्रमाणे हसले नाही, म्हणजे हसता आलं नाही.

प्रत्यक्षात ते गाडीत बोलत नाहीत. खिडकीतून बघत बसतात. मी थर्मासमधला चहा दिला, तो घेतला. थालीपीठ पुढे केलं, तर म्हणाले प्रयोगाआधी खात नाही, पण संपल्यावर विसरू नका. मग विचारलं, "इथल्या लोकांचं काय दुखतं? दोन-चार गोष्टी सांगा, प्रयोगात घालीन." मी सांगितलं, आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्ता नोंदवायला, अपॉइंटमेंट मिळत नाही, रविवारी आवाज नको म्हणून भिंतीत खिळा ठोकता येत नाही, बाटल्या परत करायला रांग लावावी लागते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोलोनलाही हेच सांगितलं. खिळा सगळ्यांनाच ठोकायचा आहे." मग माझ्या कामाचं विचारलं. मी गाड्यांच्या आवाजाचं काम करते हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत की आवाज करायचे की बंद करायचे. त्यांनीही नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, बंद करायचे, आणि आत्ता तुमच्या बॅगेत चष्म्याच्या डबीत एक सुटं नाणं वाजतंय. त्यांनी डबी उघडली. नाणं निघालं. मग ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बसले.

तिथे मला धीर आला. मी तुमचं सगळं सांगितलं, रविवार, हसायची बंदी, चिंचवड, रांग. तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं. ते मध्ये एकदाही हसले नाहीत. फक्त विचारत होते, "म्हणजे हाताची घडी? पूर्ण वेळ?" मी म्हटलं, पूर्ण वेळ. ते म्हणाले, "असा एक जण प्रत्येक प्रयोगाला असतो. मला तोच दिसतो." मग मी विचारलं, तुम्ही त्यांच्या कानात काय सांगितलंत? इतक्या वर्षांनी हा प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यावर तो अगदीच लहान वाटला. पुढे एक ट्रक होता, त्याच्या मागे मी उगाच हळू चालवत राहिले.

"आठवत नाही हो," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? खूप लोक भेटतात. पण प्रयोग संपल्यावर मला त्या काळी एकच गोष्ट हवी असायची, आणि ती मिळायला आधी गर्दी हटावी लागायची. तेच सांगितलं असेन. जरा यांना बाजूला करता का, मला बाथरूमला जायचं आहे."

मी म्हटलं, बाबांनी लोकांना बाजूला केलं होतं.

"मग झालं की," ते म्हणाले. "कामाचंच बोललो."

बाबा, मी इतकी वर्षं तुमच्यासाठी जपून ठेवलेला अपमान असा ए-नाइन हायवेवर गेला. मला बरं वाटायला हवं होतं. खरं म्हणजे थोडं फसल्यासारखं वाटलं. मी हट्टाने म्हटलं, पण त्यानंतर त्यांनी टेप लावणं बंद केलं. ते म्हणाले, "अहो, टेप बिघडला असेल. तेव्हा सगळ्यांचेच बिघडायचे." मी विचारलं, आणि ते वाक्य तुम्ही खरंच विसरला होतात का? ते म्हणाले, "नाही. गाळलं होतं. मला ते फार आवडायचं. पण टाळ्या झाल्यावर पुन्हा बोलायचं म्हणजे जेवून हात धुतलेल्याला परत पाटावर बसवायचं. आणि पडदेवाल्याला काही केल्या कळायचं नाही. टाळ्या आल्या की पाडलाच त्याने. दोनदा मी ते वाक्य पडद्याला सांगितलंय. मग सोडून दिलं." तुम्ही चुकला होतात, बाबा. ते विसरलेले नव्हते. माल मुद्दाम बाजूला ठेवला होता, आणि ठेवणाऱ्याला त्याचं वाईट वाटत होतं.

गार्चिंगचा हॉल तासांच्या भाड्याने असतो. ठरलेल्या वेळेला तो झाडून, खुर्च्या रचून परत द्यायचा, नाही तर डिपॉझिट जातं, आणि पुढच्या वेळी हॉल मिळत नाही ते वेगळंच. त्यामुळे आमच्या मंडळात एक रीत पडून गेली आहे: शेवटच्या टाळ्या वाजल्या की लोक उठतात आणि ज्याची त्याची खुर्ची घडी करून भिंतीशी नेतात. नाट्यसंगीताची मैफल असो की मुलांचे नाच, आमच्या टाळ्यांच्या शेपटीला खुर्च्यांचा खडखडाट असतोच. मी हे त्यांना सांगायला विसरले. माझी मुलगी वडे विकायला म्हणून आली होती. ती मराठी समजते, उत्तरं जर्मनमध्ये देते. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि बऱ्याच ठिकाणी हसली. खिळ्याचा विनोद त्यांनी घातला नाही. निरोप समारंभ शेवटी ठेवला होता. इंजिनियर लोकांनी भरलेला हॉल "कोणाबद्दल ते कळलं नाही"ला जो फुटला, तो कॅसेटपेक्षा मोठा होता. टाळ्या झाल्या. दारात हाउसमाइस्टर घड्याळाकडे बघत उभा राहिला. पुढच्या रांगा उठल्या आणि खुर्च्या मिटायला लागल्या.

ते मात्र रंगमंचावरून हलले नाहीत. दोन्ही हात बाजूला सोडून उभे होते, आणि मला कळलं की ते वाट बघत आहेत. मग त्या खडखडाटात, जराही आवाज न चढवता, ते म्हणाले, "मग त्याने नारळ ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, उद्या डबा नको." कोणाच्याही कानावर गेलं नाही. माझा धंदाच तो, मला ऐकू आलं. आणि माझ्या तोंडून, हळू, "बरोबर" निघालं. मी ठरवून म्हटलं नव्हतं. मुलगी दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन माझ्यासमोर उभी होती. "मामा, हिल्फ माल," म्हणाली, म्हणजे आई, जरा हात लाव. मी एक खुर्ची घेतली. नंतर दारात थालीपीठाचा डबा त्यांच्या हातात दिला तेव्हा ते म्हणाले, "बघा. तेव्हा पडदा होता, आता खुर्च्या." त्यांना विमानतळाजवळ मुक्कामाला न्यायला दुसरी गाडी आली होती, ते त्यात बसून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आईला फोन केला. ती आता वरच्या मजल्यावरच्या सुनबाईंना हाक मारून व्हिडिओ लावून घेते आणि स्वतः कपाळापुरतीच दिसते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, टेप बिघडला होता का गं? "पट्टा सैल झाला होता त्याचा," आई म्हणाली. "आवाज असा लांबायचा, बाई गायला लागली तर पुरुष वाटायचा. मी म्हटलं टाका दुरुस्तीला, तर म्हणाले राहू दे, आता सगळं पाठ आहे." एवढंच होतं ते. मग मी तिला डब्याचं वाक्य म्हणून दाखवलं. ती कधी कॅसेट ऐकायला बसलीच नव्हती. रविवारी ती ओट्यापाशी असायची आणि तिच्या कानावर फक्त लोकांच्या हसण्याचे लोंढे यायचे. ज्या वाक्याला कोणी हसत नाही ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. कपाळ हललं आणि पहिल्यांदा डोळे दिसले.

"हे वाक्य तुझे बाबा घरी म्हणाले होते," ती म्हणाली.

कधी, म्हणून विचारलं. "व्हीआरएस घेतली तेव्हा. तू तिकडे शिकत होतीस. शाल-नारळ घेऊन आले. मी आपलं विचारलं, काय म्हणाले सगळे? तर म्हणाले, चांगलं बोलले. आणि नारळ ओट्यावर ठेवून म्हणाले, उद्या डबा नको. आणि तिथेच उभे. माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटलं चहा हवाय, मी आधण टाकलं."

बाबा, ते ऐकून मला वाईट वाटलं, हे साध्या शब्दांत सांगते. जन्मभर दुसऱ्याचे विनोद तपासलेत आणि आयुष्यात एकदा स्वतः सांगितलात, तो असा. ऐकायला घरात बाई एकच, आणि तिने गॅस पेटवला. मी इथे परीक्षांमध्ये होते. मी तिथे असते तर मला कळलं असतं, आणि मी हसले नसते, तुमच्या नियमाप्रमाणे. मी आईला विचारलं, मग दुसऱ्या दिवशी?

"दुसऱ्या दिवशी काय," आई म्हणाली. "सवयीने भरला की मी डबा. पोळी, मटकीची उसळ, वर कांदा. झाकण लावल्यावर लक्षात आलं. आता भरलाय तर काय करायचं, म्हणून दिला तसाच त्यांच्या हातात."

मी हसले. खूप हसले, फोन टेबलावर उलटा पडला, मुलगी तिच्या खोलीतून डोकावली. आईचं पलीकडे काहीतरी बोलणं चालूच होतं. मी डोळे पुसून विचारलं, काय म्हणालीस?

"म्हटलं, डबा हातात घेतला आणि म्हणाले, बरोबर. मी म्हटलं, अहो, अजून उघडला पण नाहीये. मग गॅलरीत बसले आणि साडेबाराला उघडून खाल्ला. घासून पालथाही घातला."

तर कॅसेटवाल्यांच्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य होतं, आणि ते आईकडे होतं. ते त्यांना मिळालं, तर पडदेवाल्याला काय, आमच्या हाउसमाइस्टरलाही थांबावं लागेल. त्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. मेसेज लिहून तयार आहे, आईने डबा भरला इथपर्यंत. मी तो रोज उघडून बघते आणि पाठवत नाही. लोक डब्यावर हसतील, मी हसले तसेच, आणि त्या हसण्यात तुमचं "बरोबर" बुडेल. माझ्या हसण्यात तर ते बुडालंच होतं, आईला पुन्हा सांगायला लावलं तेव्हा मिळालं.